उत्कृष्ट संशोधक पुरस्कारासाठी अर्ज करताना: पात्रता, कागदपत्रं आणि समितीला खरंच काय हवं असतं

विद्यापीठाचं परिपत्रक येतं, महिनाभराची मुदत असते आणि बहुतेक अर्ज शेवटच्या तीन दिवसांत भरले जातात. अशा अर्जांत कागद भरपूर असतात. या माणसाने नेमकं काय शोधलं, हे मात्र समितीला हुडकावं लागतं. चांगल्या संशोधकाचा अर्ज केवळ मांडणीमुळे मागे पडावा, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून ही प्रक्रिया सविस्तर लिहितो आहे. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात, तेव्हा अंतिम शब्द परिपत्रकाचाच. पण परिपत्रक कसं वाचायचं आणि त्यातल्या कोरड्या ओळींमागे काय अपेक्षित असतं, हे जवळपास सगळीकडे सारखंच आहे.

आधी गट ओळखा

बहुतेक ठिकाणी एकच पुरस्कार नसतो. उदयोन्मुख संशोधक, ज्येष्ठ संशोधक, संशोधन गट, उत्तम मार्गदर्शक, समाजोपयोगी संशोधन असे वेगवेगळे गट असतात. विज्ञान-तंत्रज्ञान आणि मानव्यविद्या यांचेही स्वतंत्र गट केलेले असतात. चुकीच्या गटात भरलेला अर्ज समिती आपणहून योग्य गटात हलवेल, या भरवशावर राहू नका. छाननीच्या टप्प्यावर तो सरळ बाद होऊ शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अर्ज कोणी करायचा. काही विद्यापीठांत संशोधक स्वतः अर्ज करतो, तर काही ठिकाणी विभागप्रमुख, अधिष्ठाता किंवा सहकारी यांनी नामांकन द्यावं लागतं आणि स्वतःचं नाव सुचवायला मनाई असते. नामांकनाची पद्धत असेल, तर योग्य व्यक्तीला मोकळेपणाने विचारा. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. नामांकन देणाऱ्यालाही तुमच्या कामाची नेमकी माहिती तुमच्याकडूनच मिळणार असते.

पात्रतेच्या अटी आणि त्यातल्या अडचणीच्या जागा

नेहमीच्या अटी अशा: नेमणूक नियमित असावी, विद्यापीठात ठरावीक वर्षांची सेवा झालेली असावी, त्याच गटातला पुरस्कार आधी मिळालेला नसावा किंवा मिळाला असल्यास मधे ठरावीक काळ गेलेला असावा, आणि कोणतीही शिस्तभंगाची कारवाई सुरू नसावी. कंत्राटी प्राध्यापक, पोस्ट-डॉक्टरल संशोधक आणि संलग्न महाविद्यालयांतले शिक्षक पात्र आहेत का, हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर संशोधन कक्षाला ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. तोंडी उत्तर छाननीच्या वेळी कामी येत नाही.

खरी अडचण होते ती मूल्यमापनाच्या कालावधीत. ‘गेल्या पाच वर्षांतलं संशोधन’ असं म्हटलं असेल, तर पाच वर्षं नेमकी कुठल्या तारखेपासून मोजायची? शोधनिबंध आधी ऑनलाइन येतो आणि अंकात काही महिन्यांनी, कधी पुढच्या वर्षी छापला जातो. कुठली तारीख धरायची ते परिपत्रकात नसेल, तर एकच तारीख निवडा, सगळ्या यादीला तीच लावा आणि यादीच्या डोक्यावर तसं लिहा. एका निबंधाला ऑनलाइनची तारीख आणि दुसऱ्याला छापील अंकाची, असं केलेलं लगेच लक्षात येतं आणि उरलेल्या यादीवरचाही विश्वास उडतो.

तसंच निबंधावर छापलेलं संस्थेचं नाव पाहा. तुम्ही दोन वर्षांपूर्वी या विद्यापीठात आला असाल, तर आधीच्या संस्थेच्या नावाने आलेलं काम काही ठिकाणी मोजत नाहीत. मोजत नसतील तरी ते लपवू नका, वेगळ्या शीर्षकाखाली द्या.

उदयोन्मुख गटात वयाची अट लावण्यापेक्षा पीएचडीनंतरची वर्षं मोजणं मला अधिक न्याय्य वाटतं, आणि अनेक संस्था आता तसंच करतात. त्यातूनही बाळंतपण, आजारपण किंवा घरातल्या कोणाची शुश्रूषा यासाठी घेतलेली रजा वजा करण्याची तरतूद असते का, ते पाहा. युरोपीय संशोधन परिषदेच्या अनुदानांत आईला प्रत्येक अपत्यामागे अठरा महिन्यांची मुदतवाढ देण्याची पद्धत आहे. तुमच्या विद्यापीठात अशी तरतूद असेल तर तो हक्क आहे. रजेच्या आदेशाची प्रत जोडा आणि एका वाक्यात कालावधी नमूद करा. कारणांचा तपशील देण्याची गरज नाही.

आकडे द्या, पण समजून द्या

अर्जात एच-इंडेक्स, एकूण सायटेशन (तुमच्या निबंधांचा इतरांनी आपल्या निबंधांत दिलेला संदर्भ) आणि जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर विचारलेला असतो. एच-इंडेक्सची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ साली मांडली. एखाद्याच्या सहा निबंधांना अनुक्रमे ४०, १२, ९, ६, ५ आणि २ सायटेशन असतील, तर त्याचा एच-इंडेक्स ५, कारण पाच निबंधांना किमान पाच-पाच सायटेशन आहेत. आता पहिल्या निबंधाला ४० ऐवजी ४,००० सायटेशन मिळाले, तरी उत्तर पाचच! एखाद्या क्षेत्राची दिशा बदलणारं एक मोठं काम या आकड्यात दिसतच नाही. शिवाय हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे ज्याची वर्षं जास्त त्याला तो आपोआप झुकतं माप देतो.

हाच इंडेक्स स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि गूगल स्कॉलर या सायटेशन मोजणाऱ्या ठिकाणी वेगवेगळा दिसतो. गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, पुस्तकं असं सगळंच मोजत असल्यामुळे तिथला आकडा सहसा मोठा असतो. म्हणून आकडा लिहिताना कुठून घेतला आणि कुठल्या तारखेला पाहिला, हे दोन्ही लिहा. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्या कोणाचे निबंध तुमच्या खात्यात जमा झालेले असतात, ते अर्ज भरण्यापूर्वी काढून टाका. संशोधकांना स्वतंत्र ओळख देणाऱ्या ऑर्किड या सेवेचा सोळा स्थानांचा ओळखक्रमांक नसेल तर आजच घ्या. तो मोफत मिळतो आणि नावाची अशी गल्लत टाळण्यासाठीच ही सेवा २०१२ मध्ये सुरू झाली.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. तो जर्नलचा असतो, तुमच्या निबंधाचा नाही. आधीच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या लेखांना एका वर्षात सरासरी किती सायटेशन मिळाले, एवढंच तो सांगतो. थोड्या लेखांना भरघोस आणि बाकीच्यांना नाममात्र सायटेशन असली, तरी सरासरी उंचच दिसते. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादक आणि प्रकाशकांनी संशोधन मूल्यमापनाचा जाहीरनामा तयार केला. माणसाच्या कामाची गुणवत्ता ठरवताना जर्नलचा आकडा वापरू नका, अशी त्याची मुख्य शिफारस आहे. संशोधनाच्या मोजमापाविषयीच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याच्या दहा तत्त्वांमध्ये स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्या, असंही एक तत्त्व आहे. तुमच्या विद्यापीठाने यांपैकी काही स्वीकारलं असेल, तर निवेदनात, म्हणजे अर्जासोबतच्या तुमच्या कामाविषयीच्या टिपणात, त्याचा उल्लेख जरूर करा. ज्यांचं काम इंग्रजीबाहेरच्या भाषेत आहे किंवा ग्रंथरूपात आहे, त्यांच्यासाठी हा आधार मोलाचा आहे.

तुमचा वाटा किती?

माझ्या मते संपूर्ण अर्जात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यावर सर्वांत कमी मेहनत घेतली जाते. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाबद्दल आलेल्या निबंधावर ५,१५४ लेखकांची नावं होती. हे टोकाचं उदाहरण झालं, पण आठ-दहा लेखक असणं आता नेहमीचं आहे. लेखकांच्या क्रमावरूनही फारसं कळत नाही. गणितात नावं सहसा वर्णानुक्रमे येतात, तर जीवशास्त्रात शेवटचं नाव बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं. वेगवेगळ्या विद्याशाखांतल्या समिती सदस्यांना तुमच्या विषयातली ही रीत माहीत असेलच असं नाही.

त्यावर उपाय म्हणून क्रेडिट नावाची एक वर्गवारी वापरली जाते. संकल्पना, कार्यपद्धती, सॉफ्टवेअर, विश्लेषण, विदा (डेटा) सांभाळणं, पहिला मसुदा लिहिणं, देखरेख अशा १४ भूमिका तिच्यात आहेत. निवडलेल्या प्रत्येक निबंधाखाली दोन ओळींत आपली भूमिका लिहा. ‘संपूर्ण काम माझंच’ असं लिहू नका. विद्यार्थ्याने जे केलं ते विद्यार्थ्याच्या नावावर लिहिल्याने अर्ज कमकुवत होत नाही. मार्गदर्शक म्हणून तुमची बाजू त्याने भक्कमच होते.

आता निवेदन. हजार-बाराशे शब्दांची मर्यादा असते. ‘अर्जदाराने ४२ शोधनिबंध प्रसिद्ध केले असून अनेक परिषदांत सहभाग घेतला आहे’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण ते यादीत दिसतंच. त्याऐवजी असं लिहा: ‘मातीतला ओलावा मोजण्यासाठी आधी नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागत असे. आम्ही शेतातच मोजता येईल असा संवेदक तयार केला. त्याचं गणिती प्रारूप माझं, जोडणी सहकाऱ्यांची. ही पद्धत आता दुसऱ्या दोन गटांनी वापरून पाहिली आहे.’ आधी काय अडत होतं, तुम्ही काय केलं, त्यातलं तुमचं काय आणि त्यानंतर काय बदललं, एवढं या चार वाक्यांत येतं. हे विषयाबाहेरच्या माणसाला समजायला हवं. लिहून झालं की दुसऱ्या विभागातल्या मित्राला वाचायला द्या. तो अडखळेल तिथे पुन्हा लिहा.

कागदपत्रं

विहित नमुन्यातला सही केलेला अर्ज, संशोधन-परिचय, डीओआय क्रमांकांसह (प्रत्येक निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) प्रकाशनांची यादी, निवडक तीन ते पाच निबंधांच्या पूर्ण प्रती, पीएचडीचं प्रमाणपत्र, नेमणुकीचा आदेश आणि विभागप्रमुखांचं शिफारसपत्र किंवा ना हरकत एवढं बहुतेक ठिकाणी लागतं. विभागप्रमुख रजेवर असले की शेवटच्या दिवशी सही मिळत नाही, म्हणून ती पहिल्या आठवड्यातच घ्या.

प्रकल्पांसाठी मंजुरीचं पत्र आणि काम संपलं असल्यास पूर्णत्वाचा दाखला जोडा. त्यात तुम्ही मुख्य अन्वेषक की सहअन्वेषक, हे लिहा. पेटंटच्या बाबतीत अर्ज दाखल होणं, प्रसिद्ध होणं आणि मंजूर होणं हे तीन वेगळे टप्पे आहेत. दाखल केलेल्या पेटंटला ‘मिळालेलं’ म्हणणं ही चुकीची माहिती ठरते आणि तेवढ्यावरून अख्खा अर्ज बाद होऊ शकतो. स्वीकारलेल्या पण न छापलेल्या निबंधासाठी संपादकाचं स्वीकृतिपत्र लागतं. नुसता पाठवलेला निबंध यादीत घालू नका. माणसांवर किंवा प्राण्यांवर संशोधन असेल तर नैतिकता समितीची मंजुरी तयार ठेवा. पैसे घेऊन, तज्ज्ञांकडून तपासणी न करता छापणाऱ्या जर्नलमधला एखादा निबंध यादीत असेल, तर तो तुम्हीच काढलेला बरा.

संशोधन-सचोटीच्या प्रतिज्ञापत्रात मागे घेतलेल्या निबंधांबद्दल विचारलं जातं. असा निबंध असेल तर कारणासह स्पष्ट सांगा. रसायनशास्त्रातलं २०१८ चं नोबेल मिळवणाऱ्या फ्रान्सेस आर्नल्ड यांनी २०२० च्या सुरुवातीला आपला एक निबंध मागे घेतला. निष्कर्ष पुन्हा मिळत नव्हते. त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं आणि माफी मागितली. त्यांच्याबद्दलचा आदर त्याने वाढलाच. प्रामाणिक चूक सांगितली तर समिती समजून घेते. लपवलेली चूक बाहेरून कळली, तर मात्र पुरस्कार दिल्यानंतरही परत घेतला जातो.

फाइलींची नावं अनुक्रमांकासह द्या, सगळं एकाच पीडीएफमध्ये मागितलं असेल तर पहिल्या पानावर पृष्ठक्रमांकांची सूची ठेवा. स्कॅन सरळ आणि वाचता येण्याजोगं हवं.

बाहेरच्या तज्ज्ञांची पत्रं

दोन-तीन बाहेरच्या तज्ज्ञांची नावं मागितली असतील, तर तुमचे पीएचडीचे मार्गदर्शक, जवळचे नातेवाईक आणि अलीकडचे सहलेखक वगळा. मोठ्या नावाच्या माणसाने लिहिलेल्या चार गोड ओळींपेक्षा तुमचं काम खरोखर वाचलेल्या माणसाचं पत्र कितीतरी उपयोगी पडतं. तज्ज्ञांना किमान तीन आठवडे द्या, सोबत निवेदन आणि निवडक निबंध पाठवा.

अर्ज दिल्यानंतर

आधी कार्यालयीन छाननी होते, मग बाहेरचे तज्ज्ञ गुण देतात, मग समितीची बैठक, काही ठिकाणी सादरीकरण, आणि शेवटी कुलगुरूंची किंवा अधिकार मंडळाची मान्यता. समितीतल्या एखाद्या सदस्याशी तुमचे संयुक्त निबंध असतील, तर ते आधीच कळवा म्हणजे ते सदस्य त्या चर्चेतून बाजूला राहतील. छाननीत त्रुटी काढली गेली तर उत्तराला मोजकेच दिवस मिळतात, म्हणून त्या काळात ईमेल रोज पाहा.

विभागप्रमुख आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. अर्ज न करणाऱ्यांकडेही पाहा. जैवरसायनशास्त्रज्ञ कातालिन कारिको यांना १९९५ मध्ये त्यांच्या विद्यापीठात खालच्या पदावर नेमलं गेलं, कारण त्यांच्या एमआरएनएवरच्या (पेशीला प्रथिनं बनवण्याचा संदेश देणाऱ्या रेणूवरच्या) संशोधनाला अनुदान मिळत नव्हतं. २००५ मध्ये ड्रू वाइसमन यांच्यासोबत त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाकडेही सुरुवातीला फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. त्याच कामासाठी दोघांना २०२३ चं नोबेल मिळालं. तुमच्या विभागातही अशी एखादी व्यक्ती असेल, जी कोपऱ्यातल्या टेबलावर वर्षानुवर्षं एकाच प्रश्नाशी झुंजते आहे आणि परिपत्रक न उघडताच पुढे ढकलते आहे. नामांकनाचा फॉर्म तिच्यासाठी तुम्ही भरा.

निवड झाली नाही, तर गुणपत्रक किंवा समितीचा अभिप्राय मिळतो का, हे लेखी विचारा. बहुतेक ठिकाणी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. तोवर फाइल उघडी ठेवा, आणि नवा निबंध, नवं मंजुरीपत्र हातात येईल त्याच दिवशी त्यात टाका.