लघुरेल्वे प्रतिकृती आणि छोट्या रेल्वे वाहनांचे जतन (ग्रामीण विदर्भ)

खऱ्या रेल्वेगाडीची ठरावीक प्रमाणात लहान केलेली बारकाव्यांसह प्रतिकृती घडवणे आणि वापरातून गेलेली ट्रॉली, मालडबा, नॅरोगेज इंजिन यांसारखी छोटी वाहने दुरुस्त करून जपणे, हे दोन जोडीचे छंद. दोन्हींत हाताचे कसब लागतेच, पण त्याआधी लागते ते माप. डबा भंगारात गेला की त्याचे माप घ्यायची संधीही गेली. विदर्भात हे काम तातडीचे झाले आहे, कारण इथले नॅरोगेज मार्ग एकामागोमाग एक बंद पडले किंवा रुंद झाले.

या मार्गांची रुंदी, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. त्यांतली सर्वांत जिव्हाळ्याची गाडी शकुंतला. मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला (113 किलोमीटर) आणि दुसरा बनोसा, अंजनगाव करत अचलपूरला (76 किलोमीटर) जात असे. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी कंपनीने वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठी हा मार्ग उभारला. मूर्तिजापूरला कापूस मोठ्या गाडीत चढे. रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतरही मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. 1994 पर्यंत इथे वाफेचे इंजिन धावले, पुढे डिझेल आले. पुलगाव–आर्वी हा 35 किलोमीटरचा मार्ग याच कुळातला. नागपूर–नागभीड नॅरोगेज 2019 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली.

प्रतिकृती करणाऱ्याची पहिली अडचण रुळांची असते. जगभर सर्वाधिक चालणारे एचओ प्रमाण 1:87, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान आहे आणि त्याचा रूळ 16.5 मिलिमीटर रुंद, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरच्या रुळावरून आखलेला. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. ती 1:87 मध्ये 19.3 मिलिमीटर भरते. त्यामुळे बाजारातल्या रुळांवर बसवलेली भारतीय ब्रॉडगेज गाडी जाणकाराच्या डोळ्याला अरुंद पायांची वाटते. शकुंतलेच्या बाबतीत मात्र नशिबाने हिशेब जुळतो. 762 ला 87 ने भागले की 8.76 येतात, आणि एन प्रमाणाचा (1:160) तयार रूळ 9 मिलिमीटरचा असतो. म्हणून एन प्रमाणाची मोटार, चाके आणि रूळ घ्यायचे आणि वर 1:87 चा डबा स्वतः बांधायचा, ही सर्वांत सोयीची वाट. विदर्भातल्या नवख्याने ब्रॉडगेजच्या फंदात पडण्याआधी नॅरोगेजच हाती घ्यावी, हे उत्तम.

लांबी मात्र कुणालाच परवडत नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर अंतर 1:87 मध्येही 1.3 किलोमीटर होते. म्हणून एखादे स्थानक, एक नाला आणि मधले वावर एवढेच निवडतात.

डब्याच्या भिंती स्टायरिन या प्लॅस्टिकच्या शीटच्या किंवा माउंट बोर्ड या जाड पुठ्ठ्याच्या करतात. 20 मिलिमीटरच्या रिव्हेटचे डोके या प्रमाणात पाव मिलिमीटरहूनही लहान होते. पातळ पत्र्यावर मागच्या बाजूने पट्टीच्या कडेने बोथट सुई दाबून ते उठवतात. पट्टी सरकली तर अख्खी ओळ वाकडी दिसते. परिसराचे सामान गावातच मिळते. गिट्टीसाठी बारीक कच चहाच्या गाळणीने चाळतात, झाडांसाठी सागाचा वाळलेला फुलोरा वापरतात. काळ्या मातीची युक्ती पाहण्यासारखी आहे. मातीचा थर जितका पातळ, तितक्या भेगा जवळजवळ पडतात. दोन-तीन मिलिमीटरचा थर, त्यात डिंक अगदी बेताचा, आणि तो सावलीत वाळवला की उन्हाळ्यातले तडकलेले वावर प्रमाणात उतरते. डिंक जास्त झाला तर भेगाच पडत नाहीत.

मे महिन्याचा उन्हाळा हा या छंदाचा वैरी. पत्र्याच्या छताखाली स्टायरिन वाकते. पहाट आणि दुपार यांत तीस अंशांचा फरक पडला तर तीन मीटर धातूचा रूळ दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतो, म्हणून जोडांत फट ठेवावी लागते. खऱ्या रुळाच्या सांध्यात ठेवतात ती फट याच कारणाची. पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो. त्याला आधी वॉर्निशचा हात द्यावा.

जतनाच्या कामात नवख्याला झेपणारे वाहन म्हणजे ढकलायची निरीक्षण ट्रॉली. ट्रॉलीमन रुळावरून धावत ती ढकलत, साहेब बाकावर बसून मार्ग तपासत आणि गाडी यायच्या आत चौघे जण ती उचलून रुळाबाहेर ठेवत. म्हणूनच ती हलकी आणि सुटी करता येण्याजोगी असते. दुरुस्तीत आधी दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर परिघावर तीन ठिकाणी मोजतात. आकडे जुळले नाहीत तर आस (दोन्ही चाके जोडणारा दांडा) वाकला आहे; मग रंगाचा विचारही करू नये. नंतर गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साईडचा गंजरोधक हात देतात. रंग मात्र घाईने खरवडू नये. एका कोपऱ्यात पॉलिश पेपर गोल फिरवला की एकाखाली एक थर गोल कड्यांसारखे उघडे पडतात आणि मूळ रंग कळतो. कुजलेल्या फळ्यांच्या जागी त्याच जाडीचे सागवान घालतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ते मिळणे अवघड नाही. जुनी फळी फेकू नये, तिच्यावरची भोकेच नव्या फळीचा नकाशा असतात.

जुन्या मालडब्यांत आसाच्या टोकाशी तेलाची पेटी असते. तिच्यात तेलात भिजवलेला सुताचा गुंता कोंबलेला असतो, तो फिरत्या आसाला खालून तेल चोपडत राहतो. डबा वर्षानुवर्षे उघड्यावर उभा राहिला की पेटीत पाणी साचते आणि गंज आसाला तिथेच खातो. पेटी रिकामी करून, पुसून, नवा गुंता घातल्याशिवाय असा डबा हलवणे म्हणजे बेअरिंग जाळणे.

वाफेच्या इंजिनाचे जतन बहुधा उभ्या अवस्थेतच होते, कारण बॉयलर पुन्हा पेटवायचा तर पाण्याच्या दाबाची चाचणी आणि खर्च दोन्ही घरगुती आवाक्याबाहेरचे. पाहायला नागपूरचे मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. ते 2002 मध्ये उघडले. छोट्या प्रमाणातल्या गाड्या चालताना पाहायच्या तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे.

बंद मार्गावरचा रूळ, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) वा फलक उचलून आणणे हा छंद नव्हे, गुन्हा आहे; रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याविरुद्ध 1966 चा कायदा लागू होतो. वस्तू हवी असेल तर रेल्वेच्या भंगार लिलावातून पावतीसह घ्यावी. माप आणि छायाचित्रे घ्यायची असतील तर स्थानकावरच्या अधिकाऱ्याला आधी विचारावे आणि जमल्यास निवृत्त गँगमनला, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या कामगाराला, सोबत न्यावे. कोणता डबा कधी बदलला हे कागदांपेक्षा त्याला जास्त ठाऊक असते.