पारंपरिक प्रस्तरारोहणासाठी हार्नेस निवडताना

बडोद्यातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

दांडिया बाजारातील आमच्या दुकानात हार्नेस (आरोहकाला दोराशी जोडणारा कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा) घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक आधी रंग पाहतात, मग हातात तोलून वजन पाहतात आणि शेवटी किंमत विचारतात. या चौकशीत गैर काहीच नाही. परंतु अंगावर चढवून, त्यात आपली सगळी साधने अडकवून आणि दोरावर निदान दहा मिनिटे लटकून पाहिल्याशिवाय हार्नेस विकत घेऊ नये, असे आमचे अनुभवांती झालेले ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

पारंपरिक प्रस्तरारोहणात कड्यावर दोर अडकवण्यासाठी आधीपासून बोल्ट ठोकलेले नसतात. आघाडीवरचा आरोहक खडकाच्या भेगांत नट, हेक्स किंवा कॅम ही धातूची, पडल्यास दोर रोखणारी साधने बसवत वर जातो आणि मागून येणारा ते काढून घेत येतो. माउंट अबूच्या ग्रॅनाइटमध्ये अशी साधने बसतील अशा भेगा बऱ्याच ठिकाणी मिळतात. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये त्या मोजक्या आणि बेभरवशाच्या असल्यामुळे तेथे पिटॉन (भेगेत ठोकायची लोखंडी मेख) आणि ते ठोकायला हातोडाही सोबत न्यावा लागतो. हे सारे लोखंड आणि ॲल्युमिनियम चार-पाच किलोंच्या घरात सहज जाते आणि ते सगळे कमरेला लोंबत असते. शिवाय बोल्टच्या मार्गावर आरोहक अर्ध्या तासात खाली उतरतो. येथे मात्र उभ्या कड्यावर दोराला लटकून सोबत्याला बिले देत, म्हणजे त्याचा दोर सांभाळत, तास-दोन तास काढावे लागतात. त्यामुळे हा हार्नेस पडताना झेलणारा पट्टा तर असतोच, शिवाय बसायची खुर्ची आणि हत्यारांची पेटीही असतो. नुसत्या रॅपलिंगसाठी (दोरावरून खाली उतरण्यासाठी) किंवा कृत्रिम भिंतीवरच्या सरावासाठी घेतलेला हलका, पातळ हार्नेस येथे कमी पडतो तो याच कारणाने. त्याची ताकद कमी नसते, पण तो या कामासाठी घडवलेला नसतो.

पूर्वीचे आरोहक दोर सरळ कमरेला बांधत आणि पडल्यावर सगळा भार बरगड्यांवर येई. १९७० साली अन्नपूर्णेच्या दक्षिण भिंतीवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेसाठी डॉन व्हिलन्स यांनी बैठा हार्नेस तयार केला आणि पुढे तो बाजारात येऊन सर्वत्र रुळला. भार मांड्यांवर आणि कमरेवर वाटून घेण्याची ती कल्पना आजही प्रत्येक हार्नेसच्या मुळाशी आहे, आणि तो वाटा नीट पडतो की नाही हे प्रत्येकाच्या देहयष्टीवर अवलंबून असते.

अंगावर कसा बसावा

कमरपट्टा नेहमीच्या पँटच्या पट्ट्याच्या जागी बांधायचा नसतो. नितंबाच्या हाडांच्या वरच्या कडा हाताने चाचपून पाहाव्यात आणि पट्टा त्यांच्या वर, खऱ्या कमरेवर घट्ट आवळावा. आवळून झाल्यावर दोन्ही हातांनी तो जोराने खाली ओढून पाहावा. तो हाडांवरून खाली घसरला तर माप मोठे आहे असे समजावे. उलटे पडण्याच्या प्रसंगी आरोहक हार्नेसमधून निसटू नये यासाठी हीच एक कसोटी आहे आणि तिच्यात तडजोड नको. ज्यांचे पोट सुटलेले आहे आणि पट्टा कमरेवर टिकतच नाही त्यांनी संकोच न करता तसे सांगावे. त्यांच्यासाठी छातीचा जोडपट्टा किंवा पूर्ण अंगाचा हार्नेस हाच योग्य पर्याय आहे. लहान मुलांची कमर पुरती भरलेली नसते, म्हणून त्यांनाही पूर्ण अंगाचाच घ्यावा.

बकलमधून बाहेर उरणारे पट्ट्याचे टोक निदान आठ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास चार बोटांएवढे असावे. त्याच वेळी पट्टा त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत आवळलेलाही नसावा, कारण उन्हाळ्यात अबूला पातळ टी-शर्टवर बांधलेला हार्नेस डिसेंबरात जाड स्वेटरवर बांधावा लागतो आणि दोन्ही बाजूंना थोडी जागा हवी. शक्य असल्यास पुढे दोन बकले असलेला नमुना घ्यावा. एकाच बकलाचा पट्टा आवळला की गिअर लूप, म्हणजे साधने अडकवण्याच्या कड्या, एका बाजूला सरकतात, उजवीकडचे पुढे येतात, डावीकडचे पाठीमागे जातात आणि अंधारात किंवा घाईत हात चुकीच्या जागी पडतो.

मांडीपट्ट्याखाली दोन बोटे सपाट जातील इतकी ढील असावी. आपल्याकडे कपड्यांचे थर फार चढत नसल्यामुळे बकल नसलेले, ताणले जाणारे मांडीपट्टे पुष्कळांना पुरतात. बकलाचे मांडीपट्टे सर्वांनीच घ्यावेत असा आमचा आग्रह नाही. मात्र बडोद्यात मल्लखांब आणि व्यायामशाळांची जुनी परंपरा असल्याने आमच्याकडे भरलेल्या मांड्यांची आणि बारीक कमरेची मुले नेहमी येतात. त्यांना कमरेचे माप बसले की मांड्या आवळतात आणि मांड्यांचे बसले की कमर सैल राहते. अशांनी बकलाचेच मांडीपट्टे घ्यावेत. स्त्रियांच्या हार्नेसमध्ये कमरपट्टा आणि मांडीपट्टे यांच्यातील अंतर जास्त ठेवलेले असते; परंतु पाटीवर काय लिहिले आहे त्यापेक्षा लटकल्यावर पाठ सरळ राहते की मागे कलंडते, हे पाहून ठरवावे. मागच्या बाजूने मांडीपट्ट्यांना वर धरणाऱ्या लवचीक पट्ट्या केवळ सोयीसाठी असतात, त्यांच्यावर भार येत नाही.

गिअर लूप

आमच्या मते पारंपरिक आरोहणासाठी घ्यायच्या हार्नेसची खरी परीक्षा येथेच होते, आणि ग्राहकांचे सर्वांत कमी लक्ष येथेच असते. निदान चार गिअर लूप हवेत आणि पुढचे दोन कडक, किंचित बाहेर झुकलेले हवेत, म्हणजे एका हाताने कडा धरलेला असताना दुसऱ्या हाताने न पाहता कॅराबिनर (उघडमीट होणारी धातूची कडी) अडकवता आणि काढता येतो. नट आणि कॅम पुढे, क्विकड्रॉ (छोट्या पट्टीने जोडलेले दोन कॅराबिनर) आणि स्लिंग (पट्टीचा शिवलेला गोल फास) त्यांच्या मागे, बिले उपकरण, जादा दोरी आणि चाकू सर्वांत मागे, अशी मांडणी पुष्कळ जण करतात. तुमची मांडणी वेगळी असेल तर ती या लूपांवर जमते का, हे दुकानातच करून पाहावे. हातोडा न्यायचा असेल तर त्याची म्यान लावायला जागा आहे का, हेही तेव्हाच पाहावे.

पाठीवर पिशवी घेऊन चढायचे असेल तर ती पिशवीही घेऊन यावे. आमच्यापैकी एकाने काही वर्षांपूर्वी सह्याद्रीतील एका सुळक्यावर मऊ, कापडी गिअर लूपांचा हार्नेस नेला होता. पिशवीच्या कमरपट्ट्याखाली मागचे दोन्ही लूप चिरडले गेले, हवा तो नट बोटांना लागत होता पण सुटत नव्हता, आणि शेवटी तो जोरात ओढताना कॅराबिनरसकट अख्खा नटांचा जुडगा हातातून निसटला. तो खडकावर आपटत खाली जाण्याचा खणखणाट बराच वेळ ऐकू येत होता. खाली कोणी उभे नव्हते हे आमचे भाग्य. उरलेला मार्ग दोनच पिटॉनच्या आधाराने संपवावा लागला. त्या दिवसापासून आम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पाठीवर पिशवी चढवूनच गिअर लूप चाचपून पाहायला सांगतो.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायची आहे. गिअर लूप केवळ साधने अडकवण्यासाठी असतात आणि ते काही किलो वजनापुरतेच बनवलेले असतात. त्यांत स्वतःला अडकवून कधीही लटकू नये. मागच्या बाजूला मधोमध असणारी, दोर ओढून नेण्याची कडी हीदेखील माणसाचा भार पेलण्यासाठी नसते. निर्मात्याने तसे स्पष्ट लिहिले असेल तरच अपवाद.

दोर कुठे, बिले कुठे

हार्नेसच्या पुढे कमरपट्ट्यावर एक आणि मांडीपट्ट्यांच्या जोडावर एक अशा दोन बांधणीच्या जागा असतात, आणि त्या दोहोंना जोडणारी शिवलेली कडी म्हणजे बिले लूप. दोर आठाच्या गाठीने त्या दोन्ही जागांतून ओवून बांधावा. बिले उपकरण आणि रॅपलिंगचे उपकरण मात्र बिले लूपमध्येच लावावे. दोन्ही जागांतून एकच कॅराबिनर ओवला तर त्याच्यावर तीन दिशांनी ताण येतो, आणि कॅराबिनर अशा ताणासाठी बनवलेले नसतात.

स्वतःला स्टेशनला, म्हणजे कड्यावर थांबण्याच्या जागी केलेल्या आधाराला, जोडण्याची स्लिंग बिले लूपला फास घालून महिनोन्‌महिने तशीच ठेवण्याची सवय आपल्याकडे फार दिसते. ती सोडावी. स्लिंग एकाच ठिकाणी घासत राहते, बिले लूप फिरत नाही आणि त्याच एका इंचावर झीज साठते. अमेरिकेतील नामवंत आरोहक टॉड स्किनर २३ ऑक्टोबर २००६ रोजी योसेमिटीतील लीनिंग टॉवरवरून रॅपल करत उतरत असताना झिजलेला बिले लूप तुटून मरण पावले. लूप झिजल्याचे त्यांच्या आणि सोबत्याच्या लक्षात आलेले होते आणि नवा हार्नेस मागवलेलाही होता. नवा बिले लूप सुमारे दीड टनाचा भार सोसतो हे खरे आहे, पण तो आकडा नव्या लूपचा असतो. स्लिंग बांधायचीच तर दोर बांधतो त्या दोन जागांतून ओवावी आणि दिवस संपला की सोडून ठेवावी.

कारखान्यातील सेफ्टी बेल्ट चालतो का?

रिफायनरी आणि रासायनिक कारखान्यांच्या या शहरात हा प्रश्न आम्हाला जवळजवळ दर आठवड्याला विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर येथे देतो: चालत नाही. कारखान्यातील पट्ट्यांसाठी आयएस ३५२१ हे वेगळे भारतीय मानक आहे. त्यांत पडणाऱ्याला झेलणारी कडी सहसा पाठीवर असते, सोबतच्या लॅनयार्डमध्ये (जोडदोरीत) धक्का शोषणारा भाग असतो आणि मचाणावर काम करणाऱ्याला धरून ठेवणे हा त्यांचा हेतू असतो. त्या कामासाठी ते उत्तम आहेत. पण पाठीवरच्या कडीला दोर बांधून कडा चढता येत नाही आणि पडल्यास आरोहकाचे तोंड खडकाकडे खाली झुकते. आरोहणाच्या बैठ्या हार्नेसच्या आत शिवलेल्या पट्टीवर ईएन १२२७७ हे युरोपीय मानक, त्यापुढे प्रकार सी, सीई या युरोपीय खुणेबरोबर चार आकडी क्रमांक आणि निर्मितीची तारीख छापलेली असते. काहींवर यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाची खूणही असते. ही पट्टी नसलेला किंवा कापून टाकलेला हार्नेस कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. कोणाचा वापरलेला हार्नेस तर ओळखीतूनही विकत घेऊ नये, कारण त्याने काय काय सोसले हे पट्ट्याकडे पाहून कळत नाही.

घरी नेल्यावर

हार्नेस मुख्यतः नायलॉनचा असतो आणि नायलॉनचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे बॅटरीतील आम्ल. इन्व्हर्टरच्या शेजारच्या कपाटात किंवा स्कूटरच्या जुन्या बॅटरीजवळ ठेवलेला हार्नेस वरून नव्यासारखा दिसूनही आतून कमकुवत झालेला असू शकतो. अशी शंका जरी आली तरी तो वापरू नये. मे महिन्यात मोटारीच्या डिकीत आणि गच्चीवरच्या उन्हात तो ठेवू नये. सह्याद्रीची लाल माती विणीत शिरून धाग्यांना आतून कापत राहते, म्हणून मोहिमेनंतर तो कोमट पाण्यात सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवावा आणि पंख्याखाली सावलीत वाळवावा. कपडे धुण्याची पावडर, ब्लीच आणि वॉशिंग मशीन टाळावे. पावसाळ्यात तो ओला असताना पिशवीत कोंबून ठेवू नये.

प्रत्येक वेळी बांधण्याआधी बिले लूप आणि बांधणीच्या दोन्ही जागा उजेडाकडे धरून अंगठ्याने वाकवून पाहाव्यात. वाकलेल्या कडेवर केसांसारखे तंतू उभे राहिले, शिवणीचा एखादा टाका तुटलेला दिसला, एखादी जागा चकचकीत आणि कडक लागली किंवा रंग विटलेला असला, तर हार्नेस बाजूला ठेवावा. काही नमुन्यांत बांधणीच्या जागी आतील थर वेगळ्या रंगाचा ठेवलेला असतो. तो दिसू लागला की त्या हार्नेसचा काळ संपला. एकदाही वापरला नसला तरी निर्मितीपासून दहा वर्षांनंतर तो टाकून द्यावा, असे बहुतेक निर्माते सांगतात. दर आठवड्याला चढणाऱ्याचा हार्नेस याच्या पुष्कळ आधी, कधी दोन-तीन वर्षांतच संपतो.

दुकानात माडीवर तुळईला दोर बांधून लटकून पाहण्याची सोय केलेली आहे. येताना चढताना घालता ती पँट, बूट, पिशवी आणि जमवलेली साधने घेऊन यावे. साधने नसतील तर तेवढ्या वजनाचे नट आणि कॅम आम्ही देतो. लटकल्यावर पाय बधिर होऊ लागले, पट्टा बरगड्यांत रुतला किंवा श्वास आखडला तर दुसरा नमुना मागावा. आम्हाला त्याचा त्रास होत नाही. माउंट अबूच्या पर्वतारोहण संस्थेत प्रथमच शिकायला जाणाऱ्यांनी मात्र लगेच खरेदीची घाई करू नये. तेथे संस्थेचा हार्नेस वापरावा, आपल्या कमरेला काय सोसते ते समजून घ्यावे आणि परत आल्यावर यावे.

कड्यावर एकदा वापरलेला हार्नेस आम्ही परत घेत नाही, कारण तो दुसऱ्या ग्राहकाला देणे आमच्या मनाला पटत नाही. तुमचा जुना हार्नेस मात्र, तो कोठूनही घेतलेला असो, तपासण्यासाठी विनामूल्य आणावा. तो निकामी ठरला आणि तुमची संमती असली तर आम्ही त्याचा बिले लूप आणि कमरपट्टा तुमच्यासमोरच कात्रीने कापतो, म्हणजे घरातल्या धाकट्या भावंडाच्या हाती तो चुकूनही लागत नाही.