लेसरने केस काढण्यामागचा इतिहास आणि आपली सावळी त्वचा

लेसर सुरू करताना बहुतेक जणींना वाटतं की सहा-आठ सिटिंग झाल्या की विषय संपला. मग वर्षभराने हनुवटीवर पुन्हा चार केस दिसतात आणि फसवणूक झाल्याची भावना येते. कधी ती खरीही असते. पण या तंत्राला काय जमतं आणि काय जमत नाही, हे ते जन्मलं तेव्हाच बरंचसं ठरलं होतं. पैसे भरण्याआधी तो इतिहास माहीत असला तर पुढची निराशा टळते.

नको असलेले केस काढण्याची खटपट फार जुनी. सुश्रुतसंहितेत व्रणचिकित्सेत त्याचा उल्लेख येतो, कारण केसांमुळे जखम भरायला अडथळा होतो. शंखाचं चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग, शुक्तात म्हणजे आंबवलेल्या आंबट द्रवात वाटून लेप. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग. अशा लेपाने वरचा केस झडायचा, मूळ मात्र आत तसंच राहायचं.

मुळापर्यंत पोहोचण्याची पहिली भरवशाची वाट १८७५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी दाखवली. पापणीचे आत वळलेले, बुबुळाला टोचणारे केस काढायला त्यांनी केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीज सोडली. हेच इलेक्ट्रोलिसिस. एकेक केस करावा लागतो, त्यामुळे वेळखाऊ आणि चिवट काम; पण केसाचा रंग कोणताही असो, ते चालतं. पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही, म्हणून तिथे आजही हीच सुई वापरतात.

यापुढचा टप्पा वाचताना अंगावर काटा येतो. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका लहान मुलीच्या पाठीवरच्या केसाळ जन्मखुणेवर ते किरण सोडले. केस गळले, पण पाठीवर न भरणारी जखम झाली. तरीही १९२० च्या दशकात अमेरिकेत आल्बर्ट गायझर या डॉक्टरांचं 'ट्रायको' यंत्र ब्युटी पार्लरमध्ये पोहोचलं. वेदना नाहीत, डाग नाहीत, केस कायमचे गेले, अशी त्याची जाहिरात होती. बायका चेहऱ्यावर किरण घेत राहिल्या. काही वर्षांनी त्यांची त्वचा सुरकुतली, व्रण पडले, कित्येकींना कर्करोग झाला. हनुवटीवरच्या केसांची लाज एवढी मोठी असते, आणि तिच्या जोरावर काहीही विकता येतं. म्हणून 'वेदनारहित आणि कायमचं' असं एका दमात सांगणाऱ्या कुणावरही माझा विश्वास बसत नाही.

थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये कॅलिफोर्नियात पहिला लेसर पेटवला; तो रुबी म्हणजे माणकाच्या स्फटिकाचा होता. सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी लवकरच तो त्वचेवर वापरून पाहिला, तेव्हा रंगद्रव्य असलेल्या भागांना जास्त इजा होते हे दिसलं. त्याची नीट उकल १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी केली. ठरावीक रंगद्रव्यात शोषली जाईल अशी प्रकाशाची तरंगलांबी (म्हणजे प्रकाशाचा प्रकार ठरवणारं माप) निवडायची आणि उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच झोत थांबवायचा. म्हणजे नेमकं लक्ष्य तापतं, शेजार वाचतो. केसांच्या बाबतीत हे लक्ष्य म्हणजे मेलॅनिन, केसाला आणि त्वचेला गडद रंग देणारं द्रव्य. काळा केस तापतो आणि त्याची उष्णता मुळाशी असलेल्या, केस पुन्हा उगवणाऱ्या पेशींपर्यंत जाते.

अँडरसन यांच्या गटाने बोस्टनमध्ये १३ स्वयंसेवकांवर रुबी लेसर वापरला. तो अभ्यास १९९६ मध्ये छापून आला. केस काळे किंवा तपकिरी, त्वचा गोरी. वॅक्स केलेल्या जागेपेक्षा फक्त रेझर फिरवलेल्या जागेवर परिणाम चांगला दिसला, कारण तिथे झोत शोषणारा केस मुळाशी शिल्लक होता. सिटिंगआधी चार-सहा आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग बंद आणि फक्त रेझर, ही क्लिनिकमधली सूचना म्हणूनच महत्त्वाची. त्या १३ स्वयंसेवकांपैकी सात जणांना दोन वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा चौघांचे केस स्पष्टपणे कमीच होते. सगळ्यांचे नव्हेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही उत्पादकांना केसांची संख्या दीर्घकाळ घटते एवढंच म्हणू दिलं; सगळे केस कायमचे जातात, असं नाही.

आपला प्रश्न इथेच सुरू होतो. मेलॅनिन केसात आहे तसं सावळ्या कातडीतही आहे. रुबीचा ६९४ नॅनोमीटरचा झोत दोन्हीकडे शोषला जातो, त्यामुळे सावळ्या त्वचेवर फोड आणि काळे डाग पडण्याची भीती. पुढे ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट आणि ८१० च्या आसपासचा डायोड हे लेसर आले. १०६४ चा एनडी-याग लेसर आणखी खोल जातो आणि वरच्या थरातलं मेलॅनिन त्याला कमी शोषतं. म्हणून गडद त्वचेसाठी तो सगळ्यांत सुरक्षित. मात्र चटका जास्त आणि बारीक केसांवर जोर कमी. डायोडही आपल्याकडे भरपूर वापरतात, पण प्रत्येक झोत जरा जास्त वेळ सोडून आणि यंत्राचं टोक गार ठेवून. क्लिनिकमध्ये 'मशीन कोणतं, तरंगलांबी किती' हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. उत्तर देता येत नसेल तर तिथून उठावं.

प्रत्यक्ष सिटिंग अशी होते: जागा साफ करून रेझर फिरवतात, पांढऱ्या पेन्सिलीने चौकोन आखतात, डोळ्यांवर गॉगल चढवतात, गार जेल लावतात. मग टिक-टिक करत झोत. प्रत्येक टिकेला रबरबँड ओढून सोडल्यासारखा चटका बसतो आणि जळक्या केसांचा वास येतो. ओठांवरचा भाग पाच-दहा मिनिटांत उरकतो, पायांना बराच वेळ जातो. नंतर प्रत्येक मुळाभोवती लालसर फुगवटा दिसतो. तो बहुधा एक-दोन दिवसांत बसतो. दहा-पंधरा दिवस केस वाढल्यासारखे वाटतात, पण ते मेलेले केस बाहेर पडत असतात. ते उपटू नयेत. बधिर करणारं क्रीम लावलंच तर थोड्या भागावर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मोठ्या भागावर फासून प्लॅस्टिक गुंडाळल्याने मृत्यू झाल्याचा इशारा अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने २००७ मध्ये दिला होता.

एका सिटिंगमध्ये काम होत नाही, कारण सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. झोत लागतो तो वाढीच्या अवस्थेतल्या केसांना. म्हणून चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांनी, अंगासाठी सहा ते आठ आठवड्यांनी पुढची सिटिंग.

आणखी एक गोष्ट क्लिनिकमध्ये क्वचितच आधी सांगतात. चेहऱ्यावर आणि मानेवर, विशेषतः आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या आणि पीसीओडी (अंडाशयाशी निगडित हार्मोनचा बिघाड) असलेल्या बायकांमध्ये, कधी कधी लेसरनंतर आजूबाजूची लव जाड, काळी होते. कमी ताकदीच्या झोताने केसांची मुळं उलट जागी होत असावीत, असा एक अंदाज आहे. त्यामुळे गालावरच्या नुसत्या लवेवर लेसर घेण्याची घाई नको. हनुवटीवर जाड केस अचानक वाढू लागले असतील किंवा पाळी अनियमित असेल, तर आधी हार्मोनच्या तपासण्या कराव्यात. अंड्रोजेनचं (पुरुषी हार्मोनचं) प्रमाण चढंच राहिलं तर नवे केस तयार होत राहतात. अशा वेळी औषधं आणि लेसर एकत्र चालवतात, आणि मुख्य सिटिंग संपल्यावरही अधूनमधून एखादी घ्यावी लागते. तो खर्च पहिल्याच दिवशी विचारून हिशेबात धरावा.