सिद्ध केलेल्या प्रोग्रामला टेस्टिंग लागत नाही?

टेस्टिंगने चुका आहेत एवढं दाखवता येतं, चुका नाहीतच हे नाही, असं संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा म्हणत. ते खरंच आहे. पण त्यावरून एक समज रूढ झाला: प्रोग्राम गणिताने सिद्ध केला की तपासणीचा प्रश्न मिटला. कॉम्पसर्टची हकिगत वेगळंच सांगते.

हा सी भाषेचा कंपायलर, म्हणजे सी भाषेतला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या झाविए लरॉय यांनी तो कॉक हे गणिती सिद्धता तपासणारं साधन वापरून सिद्ध केला. इकडे अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात सीस्मिथ हे टेस्टिंगचं साधन तयार झालं. ते सी भाषेतले कसलेही, अगदी विचित्र प्रोग्राम रचतं. तोच प्रोग्राम अनेक कंपायलरांना द्यायचा. उत्तरं जुळली नाहीत की कुणीतरी चुकलंय. २०११ च्या शोधनिबंधानुसार जीसीसी, एलएलव्हीएम वगैरे कंपायलरांत मिळून ३२५ हून अधिक नवे दोष निघाले.

कॉम्पसर्टमध्येही निघाले. काही कंपायलरच्या कामातल्या पहिल्या टप्प्यात, जो सिद्ध केलेलाच नव्हता. एक मात्र मासलेवाईक: पॉवरपीसी या प्रोसेसरच्या आज्ञेत आकड्याला १६ बिटांचीच जागा, आणि स्टॅक (फंक्शनला कामापुरती लागणारी मेमरी) मोठा झाला की आकडा तिथे मावेना. ही मर्यादा गणिती वर्णनात लिहिलेलीच नव्हती. आज्ञांचं शेवटी यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करणारा असेंब्लर ती चूक पकडेल असं धरलं होतं. सिद्धता चोख, गृहीतक अपुरं.

'म्हणजे सिद्धता नुसता देखावा', असंही कुणी म्हणू नये. २०११ च्या सुरुवातीला कॉम्पसर्टची जी आवृत्ती होती, तिच्यावर सुमारे सहा सीपीयू-वर्षं (एका प्रोसेसरला सहा वर्षं लागतील एवढा) मारा करूनही ती चुकीचा कोड तयार करते असं सीस्मिथला आढळलं नाही. तपासलेल्या कंपायलरांपैकी असा तो एकटाच.