‘जुना करार’ रद्द झाला का?

‘येशूने जुना करार रद्द केला, त्यामुळे बायबलचा तो भाग ख्रिस्ती लोकांना लागू नाही,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आला आहे. गोंधळ स्वाभाविक आहे, कारण मराठीत ‘जुना करार’ हे बायबलच्या पहिल्या ग्रंथविभागाचेही नाव आहे आणि देवाने मोशेच्या द्वारे इस्राएल लोकांशी सीनाय पर्वतावर केलेल्या करारालाही तेच म्हणतात. बायबलच्या दुसऱ्या भागातले, म्हणजे नव्या करारातले, मत्तय ५:१७ उघडून पाहावे. नियमशास्त्र (मोशेच्या द्वारे दिलेले नियम) रद्द करायला नव्हे, तर पूर्ण करायला आलो, असे येशू तेथे सांगतो. नव्या करारातलेच इब्री ८:१३ मात्र पहिला, म्हणजे सीनायचा, करार जीर्ण होऊन नाहीसा होण्याच्या बेतात असल्याचे म्हणते. तो नेमका कधी संपला, यावर ख्रिस्ती अभ्यासकांत खरा मतभेद आहे. कोणी येशूच्या वधस्तंभावरील मृत्यूचा क्षण धरतात, कोणी इ. स. ७० मधील यरुशलेमच्या मंदिराचा विध्वंस, तर कोणी रोमकरांस ११:२९ दाखवून इस्राएलला दिलेली वचने अजून उभी आहेत असे मानतात. जुन्या कराराचा ग्रंथ मात्र सगळेच वाचतात. नव्या कराराचे भाकीतसुद्धा यिर्मया ३१:३१ मध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या ग्रंथातच आहे.