वीस जूलचा आकडा आला कुठून?

पोलादी प्लेटच्या टेस्ट सर्टिफिकेटवर चार्पीचे जूल (लोलकाच्या हातोड्याने खाच पाडलेला नमुना तोडताना खर्च होणारी ऊर्जा) छापलेले असतात आणि आपण त्यालाच 'टफनेस', म्हणजे तड्याला दाद न देण्याची ताकद, म्हणून मोकळे होतो. तड्याचे गणित मांडणारा मात्र टफनेस म्हटल्यावर मेगापास्कल-वर्गमूळ-मीटरमधला आकडा मागतो. हा घोळ जुना आहे.

काचेतल्या तड्याचा ऊर्जेचा हिशेब १९२० च्या सुमारास मांडला गेला होता. पोलादवाल्यांनी तो काचेपुरताच धरला. मग १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला, शांत पाण्यात उभे असलेले नवेकोरे टँकर 'स्केनेक्टडी' मधोमध फाटले. रिव्हेटच्या जहाजात तडा बहुधा प्लेटच्या कडेशी अडायचा. वेल्डिंगने सांगाडा एकजीव झाला आणि तड्याची ती वेसच गेली.

अशा फुटलेल्या जहाजांच्या प्लेटांचे तीन गट केले गेले: तडा जिथे सुरू झाला, जिथून आरपार गेला, जिथे थांबला. त्यांच्या चार्पी चाचण्यांतून १५ फूट-पौंड, म्हणजे साधारण २० जूल, ही ठिसूळ फुटण्याची सीमारेषा निघाली. ती त्या काळच्या जहाजी पोलादापुरती खरी होती. पुढे तीच भलत्याच पोलादांना लावली गेली, आणि माझ्या मते चूक तिथे झाली. चार्पीचा नमुना १० मिलिमीटरचा, खाच बोथट, घाव हातोड्याचा. खरा तडा टोकदार, प्लेट जाड, भार संथ.

१९५७ मध्ये तड्याच्या टोकाशी ताणाची तीव्रता किती, हे मोजणारी राशी आली. पण तिच्या प्रमाणित चाचणीची जाडीची अट साध्या पोलादाला झेपेना. अट अशी: जाडी किमान २.५ गुणिले टफनेस-भागिले-यील्डचा वर्ग. यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचे वाकू लागते) २५० मेगापास्कल आणि टफनेस २०० मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर धरा: २.५ गुणिले ०.८ चा वर्ग, म्हणजे १.६ मीटर जाडीचा नमुना! कोण कापणार? चार्पीचा लोलक टिकला तो यामुळे.

१९६७ मध्ये ओहायो नदीवरचा पूल कोसळून ४६ माणसे गेली. कारण होते पूल पेलणाऱ्या साखळीच्या एका पट्टीतला जेमतेम अडीच मिलिमीटरचा तडा. त्यानंतर १९७४ मध्ये अमेरिकेत पुलांसाठी नियम आले, आणि साध्या पोलादाला पुन्हा तेच १५ फूट-पौंड! त्यातही थंडी उणे ५१ अंशांपर्यंत जाणाऱ्या भागासाठी चाचणी उणे १२ अंशांला. पुलावरचा भार लोलकाच्या घावापेक्षा संथ, म्हणून एवढी सूट, असा युक्तिवाद होता. तो सगळ्यांना पटला नाही.