१ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच: ही तारीख येते कुठून?

एखाद्या फोटोवर किंवा फाइलवर अचानक ‘१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०’ असं दिसलं की व्हायरस शिरला, कुणीतरी हॅक केलं, असा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. घाबरून फोन फॉरमॅट करू नका, त्यात चांगले फोटो हकनाक जातात.

फोन-संगणकांत वापरल्या जाणाऱ्या युनिक्स पद्धतीत वेळ म्हणजे एक साधा आकडा: १ जानेवारी १९७०, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून मोजलेले सेकंद. उदाहरणार्थ १७००००००००. याला ८६४०० ने, म्हणजे एका दिवसाच्या सेकंदांनी, भागलं की १९६७५ पूर्ण दिवस मिळतात, उरलेले सेकंद म्हणजे २२:१३:२०. तारीख येते १४ नोव्हेंबर २०२३. भारतात साडेपाच तास पुढे, म्हणजे १५ तारखेच्या पहाटेचे ३:४३:२०.

आता तारखेची नोंदच हरवली, तर त्या जागी बरेचदा शून्य उरतं. शून्याचं रूपांतर आपल्याकडे बरोबर पहाटे साडेपाच दाखवतं. न्यूयॉर्कमध्ये तोच शून्य ३१ डिसेंबर १९६९ ची संध्याकाळ होतो. लंडनमध्ये मध्यरात्र दिसायला हवी ना? नाही, रात्रीचा एक दिसतो, कारण १९६८ ते १९७१ ब्रिटनची घड्याळं बाराही महिने एक तास पुढे होती!

आणखी एक गैरसमज याला चिकटलेला आहे: हा आकडा म्हणजे प्रत्यक्ष सरलेले सगळे सेकंद. तसं नाही. १९७२ पासून जोडलेले २७ लीप सेकंद (घड्याळं पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवण्यासाठी घातलेले जादा सेकंद) यात धरलेलेच नाहीत, म्हणूनच वरचा ८६४०० चा भागाकार इतका सरळ सुटतो.

तारीख हजारो वर्षं पुढची दिसली तर आधी आकडे मोजा. तेरा आकडी संख्या बहुधा मिलिसेकंदांत असते, तिला आधी १००० ने भागा.